एकाला 'पाणी प्या', दुसरीला 'पिऊ नका'

प्रश्न थोडक्यात असा. नागपुरात मानेवाड्याला राहणाऱ्या एका ताईंच्या ३४ वर्षांच्या भावाचं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीच्या गाठीचं ऑपरेशन नाकातून झालं. त्यानंतर त्याला दिवसाला आठ-नऊ लिटर लघवी होऊ लागली. आता नाकात मारायचा डेस्मोप्रेसिनचा (लघवी आवरणाऱ्या औषधाचा) स्प्रे सुरू आहे आणि 'तहान लागेल तेवढं पाणी प्या' असं सांगितलंय. या मे महिन्यात ६७ वर्षांची आई बरळू लागली, तोल जाऊन पडली, म्हणून भरती करावं लागलं. रक्तातलं सोडियम निघालं ११९, म्हणजे फारच कमी. तिच्या डिस्चार्ज कार्डावर 'दिवसभरात एक लिटरच पाणी' असं लिहिलंय. दोघांच्याही कागदांवर 'एडीएच' हा शब्द आहे. घरात वाद पेटलाय, की नागपूरच्या उन्हात म्हातारीचं पाणी तोडायचं का? ताईंना विचारायचंय की एकाच हॉर्मोनवरून दोन उलटे सल्ले कसे, नुसतं मीठ वाढवून भागणार नाही का, आणि उन्हाळा काढायचा कसा.

ताई, दोन्ही सल्ले बरोबर आहेत. भावाला जे हॉर्मोन पुरेसं मिळत नाही, तेच आईच्या अंगात बहुधा नको त्या वेळी काम करत होतं. तुमच्या घरातल्या वादात सगळे एक गोष्ट धरून चाललेत, की सोडियम कमी म्हणजे अंगातलं मीठ कमी. बहुतेक वेळा तसं नसतं. ११९ या आकड्यावरून अंगात मीठ किती आहे ते कळत नाही, ते किती पाण्यात विरघळलंय ते कळतं. आईच्या अंगात मिठाच्या मानाने पाणी जास्त झालंय. एवढं पटलं, तर वादाचा निम्मा भाग इथेच मिटावा.

एडीएच म्हणजे अँटिडाययुरेटिक हॉर्मोन. यालाच व्हॅसोप्रेसिन म्हणतात. नऊ अमिनो आम्लांची ही छोटीशी साखळी. तिचं भावंड ऑक्सिटोसिन, बाळंतपणात कळा आणणारं. ते प्रयोगशाळेत पहिल्यांदा तयार केल्याबद्दल विन्सेंट डू व्हिन्यो यांना १९५५ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. व्हॅसोप्रेसिनची रचनाही त्यांच्याच गटाने उलगडली. दोन्ही हॉर्मोन पिट्युटरीची म्हणून ओळखली जातात, पण पिट्युटरी ती बनवत नाही. ती बनतात वर, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसमध्ये, आणि चेतापेशींच्या लांब तंतूंमधून खाली उतरून पिट्युटरीच्या मागच्या भागात साठतात. कारखाना वर आणि गोदाम खाली, अशी मांडणी आहे. भावाच्या बाबतीत याला फार महत्त्व आहे, ते पुढे येतंच.

आता हे हॉर्मोन करतं काय, ते पाहू. आपली दोन मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात. त्यातला बहुतेक भाग वाटेतच परत शोषला जातो, त्यासाठी व्हॅसोप्रेसिन लागत नाही. शेवटच्या टप्प्यावर साधारण दहावा हिस्सा, म्हणजे १८ लिटरच्या आसपास पाणी उरतं, आणि त्याचा निर्णय या हॉर्मोनच्या हातात असतो. ते रक्तात असेल तर शेवटच्या नलिकांच्या पेशी आपल्या पृष्ठभागावर 'अ‍ॅक्वापोरिन-२' नावाच्या प्रथिनाच्या वाहिन्या आणून बसवतात. त्यांतून पाणी रक्तात परत जातं आणि लघवी दाट, थोडी होते. हॉर्मोन ओसरलं की पेशी त्या वाहिन्या आत ओढून घेतात आणि पाणी सरळ बाहेर पडतं. पेशींच्या भिंतीत पाण्यासाठी अशा वेगळ्या वाहिन्या असतात, हे पीटर अ‍ॅग्री यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. त्यांना २००३ साली नोबेल मिळालं. निरोगी माणसाची लघवी ५० एककांइतकी पातळ ते १२०० इतकी दाट होऊ शकते. रक्ताचा दाटपणा मात्र २७५ ते २९५ या अरुंद पट्ट्यात राहतो. (ही एककं म्हणजे एक किलो पाण्यात विरघळलेले मिलिऑस्मोल, विरघळलेल्या कणांचं माप. लॅबच्या रिपोर्टवर 'ऑस्मोलॅलिटी' या नावाने येतात.)

हा पट्टा सांभाळणाऱ्या पेशी हायपोथॅलॅमसच्या शेजारीच आहेत. मेंदूत रक्ताचा दाटपणा ओळखणारं काहीतरी असलं पाहिजे, हे शास्त्रज्ञ व्हर्नी यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून १९४७ साली मांडलं होतं. या पेशी इतक्या संवेदनशील आहेत की रक्त एक-दोन टक्क्यांनी दाट झालं तरी हॉर्मोन सुटायला लागतं. रक्त आणखी थोडं दाट झालं की तहान लागते. क्रम लक्षात घ्या. आधी मूत्रपिंड पाणी वाचवतं आणि तेवढ्याने भागलं नाही तर माणूस माठाकडे जातो.

दाटपणा हे एकच कारण असतं तर माझं काम फार सोपं झालं असतं. हॉर्मोन सुटण्याची दुसरीही कारणं आहेत. अंगातलं रक्ताचं आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास घटलं, रक्तदाब पडला, की शरीर दाटपणाची पर्वा करत नाही. रक्त आधीच पातळ असलं तरी हॉर्मोन सोडतच राहतं, कारण त्या क्षणी रक्ताभिसरण टिकवणं जास्त निकडीचं असतं. वेदना, ऑपरेशनचा ताण आणि विशेषतः मळमळ यांनीही ते सुटतं. मळमळ हा तर फार जोरदार इशारा आहे. न्यूमोनिया, क्षयरोग, मेंदूज्वर, फेफऱ्याच्या काही गोळ्या (कार्बामॅझेपिन हे नाव लक्षात ठेवा), नैराश्यावरच्या काही गोळ्या यांमुळेही ते विनाकारण वाढू शकतं. विनाकारण वाढलेल्या या अवस्थेलाच आम्ही 'एसआयएडीएच' म्हणतो, आणि तिचं पहिलं नीट वर्णन १९५७ सालचं, श्वार्ट्झ आणि बार्टर यांचं.

भावाचं आधी सांगतो, कारण ते तुलनेने सरळ आहे. त्याच्या आजाराला डायबेटिस इन्सिपिडस म्हणतात. साखरेच्या डायबेटिसशी याचा काहीही संबंध नाही. नावाच्या या घोळामुळे जगभर रुग्णांना त्रास झाला, भरती असताना डेस्मोप्रेसिनच दिलं गेलं नाही असेही प्रकार झाले. म्हणून २०२२ मध्ये तज्ज्ञांच्या संघटनांनी नाव बदलून 'आर्जिनिन व्हॅसोप्रेसिन डेफिशियन्सी' केलं. त्याच्या नव्या कागदांवर असं लिहिलेलं दिसलं तर नवा आजार समजू नका.

ऑपरेशनमध्ये नुसत्या गोदामाला धक्का लागला तर त्रास बहुधा काही दिवसांत किंवा आठवड्यांत ओसरतो, कारण वरच्या पेशी जिवंत असतात. पिट्युटरीचा देठ वरच्या बाजूला दुखावला तर त्या पेशीही मरतात आणि उणीव कायमची होते. काही रुग्णांत मधेच एक फसवा टप्पा येतो. पहिले काही दिवस भरपूर लघवी, मग पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या सुमारास गोदामातला साठा एकदम गळून लघवी थांबते आणि सोडियम घसरतं, आणि त्यानंतर पुन्हा भरपूर लघवी. नाकातून ऑपरेशन झालेला माणूस घरी गेल्यावर आठवड्याभराने डोकं धरून, मळमळत परत येतो तो बहुधा यामुळेच. म्हणून सातव्या दिवसाच्या आसपास सोडियम तपासण्याचा आमचा आग्रह असतो. तुमचा भाऊ त्यातून पुढे गेलाय, पण ओळखीत कुणाचं असं ऑपरेशन ठरलं असेल तर त्यांना हे सांगा.

त्याला 'तहानेप्रमाणे' असं का सांगितलंय? त्याचं हॉर्मोन गेलं असलं तरी तहान शाबूत आहे, आणि या आजारात तीच जीव वाचवते. माणूस शुद्धीवर आहे आणि हाताशी पाणी आहे तोवर दहा लिटर लघवी होऊनही सोडियम सहसा नॉर्मलच राहतं. धोका असतो तो पाणी मिळत नाही तेव्हा. अपघातात बेशुद्ध पडला, दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी उपाशी ठेवला, उलट्यांनी पोटात काही ठरेना, किंवा मेच्या दुपारी कामठी रोडवर दुचाकी बंद पडून तास-दीड तास उन्हात अडकला, तर त्याचं सोडियम इतरांपेक्षा खूप लवकर चढेल. पाकिटात कार्ड असू द्या: 'व्हॅसोप्रेसिनची कमतरता आहे, डेस्मोप्रेसिन बंद करू नये, सोडियम तपासावं.'

उलटा धोका स्प्रेचा आहे. शरीराचं स्वतःचं व्हॅसोप्रेसिन दहा-वीस मिनिटांत अर्धं होतं. डेस्मोप्रेसिन, म्हणजे त्याची औषधातली नक्कल, मात्र आठ-बारा तास, कधी त्याहूनही जास्त, काम करत राहतं. त्या काळात मूत्रपिंडाला पाणी सोडताच येत नाही. अशा वेळी सवयीने किंवा 'उन्हाळा आहे, पी' या प्रेमळ आग्रहाने तो लिटरवर लिटर पाणी पीत राहिला तर त्याचंही सोडियम आईसारखंच खाली येईल. म्हणून पुढचा डोस लघवी मोकळी, पातळ व्हायला लागल्यावरच घ्यावा. आठवड्यातून निदान एकदा तरी डोस थोडा उशिरा घेऊन साठलेलं पाणी निघून जाऊ द्यावं. हे कसं करायचं ते त्याच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. सर्दीने नाक चोंदलं की स्प्रे नीट शोषला जात नाही, तेवढ्या दिवसांपुरत्या गोळ्या विचारून ठेवा. आणि बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नका. आपल्याकडे मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो. बाटली किती थंड ठेवायची ते वेष्टनावर लिहिलेलं असतं.

आता आई. इथे मी तुमच्या घरात असतो तर सगळ्यात आधी औषधांचा डबा उघडला असता. उन्हाळ्यात सोडियम घसरलेली वयस्कर बाई समोर आली की माझा पहिला संशय रक्तदाबाच्या गोळीवर असतो. अनेक गोळ्यांच्या नावामागे 'एच' किंवा 'सीटी' लागलेलं असतं. त्यात लघवी वाढवणारं थायझाईड गटातलं औषध मिसळलेलं असतं, हायड्रोक्लोरोथायझाईड किंवा क्लोरथॅलिडोन. इंडापामाइडही त्याच पठडीतलं. औषधं चांगली आहेत, मीही देतो. पण ती मूत्रपिंडाची लघवी पातळ करण्याची ताकदच कमी करतात. त्यात वरून कुणीतरी 'रोज चार लिटर पाणी प्या'चा मेसेज पाठवलेला असतो. पाणी आत येतंय, बाहेर पडायचा रस्ता अरुंद झालाय. (गंमत अशी की मूत्रपिंडच व्हॅसोप्रेसिनला दाद देत नाही अशा वेगळ्या प्रकारच्या डायबेटिस इन्सिपिडसमध्ये, म्हणजे लिथियमच्या गोळ्यांनी होतो तसल्या, हेच थायझाईड लघवी कमी करायला वापरतात.) गोळी स्वतःहून बंद करू नका, पण डॉक्टरांना आजच दाखवा. कारण तीच निघाली तर गोळी बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत सोडियम सावरतं आणि मग एक लिटरचं बंधनही सैल होतं. ते बंधन किती दिवसांसाठी आहे, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यायला हवं होतं. लिहिलं नसेल तर आता विचारा.

दुसरं तिचं खाणं. मूत्रपिंड नुसतं पाणी बाहेर टाकू शकत नाही, प्रत्येक लिटरबरोबर थोडे विरघळलेले पदार्थ द्यावेच लागतात. मीठ हा त्यातला एक, आणि डाळ-दूध-अंडी यांतल्या प्रथिनांपासून बनणारा युरिया हा दुसरा. नीट जेवणाऱ्या माणसाकडे दिवसाला असा ६०० ते ९०० मिलिऑस्मोल माल असतो. उन्हाने अन्न जात नाही म्हणून आई चार कप चहा, दोन टोस्ट आणि रात्री थोडा भात यावर असेल, तर हा माल २०० वर येतो. समजा गोळीमुळे तिची लघवी १०० एककांपेक्षा पातळ होतच नाही. मग कितीही पाणी प्यायली तरी दिवसाला दोनच लिटर बाहेर पडेल, बाकीचं अंगातच राहील. म्हणून फक्त मीठ वाढवून भागत नाही, आणि रक्तदाब असताना आपल्या मनाने वाढवूही नका. वाटीभर घट्ट वरण, दूध, एखादं अंडं किंवा पनीर जास्त उपयोगाचं आहे. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र प्रथिनंही विचारूनच.

'सलाईन का नाही लावली?' हेही तुम्ही विचारलं असणार, कारण आमच्याकडे प्रत्येक नातेवाईक विचारतो. उलट्या-जुलाबांनी अंग सुकलं असेल तर साध्या सलाईनने सोडियम छान वर येतं. पण एसआयएडीएच असेल तर तीच सलाईन ते खाली नेऊ शकते. हिशोब करून बघा. एक लिटर नॉर्मल सलाईनमध्ये १५४ सोडियम आणि १५४ क्लोराईड, मिळून ३०८ एकक. आईची लघवी ६१६ वर अडकली असेल तर ती हे सगळं मीठ अर्ध्या लिटर लघवीत बाहेर टाकेल आणि उरलेलं अर्धा लिटर निव्वळ पाणी अंगात राहील. म्हणूनच सलाईन लावण्याआधी लघवीची ऑस्मोलॅलिटी आणि लघवीतलं सोडियम तपासायला पाठवावं लागतं. तपासण्या साध्या आहेत, पण घाईत राहून जातात. फेफरं आलं, शुद्ध हरपली तर ३ टक्क्यांची सलाईन लागते, पण ती दवाखान्यात, देखरेखीखालीच.

आणि सोडियम सावकाश वाढवलं म्हणून डॉक्टरांवर रागावू नका. कित्येक दिवस खालच्या आकड्याशी जुळवून घेतलेला मेंदू घाई सहन करत नाही. २४ तासांत साधारण ८ ते १० पेक्षा जास्त चढलं तर मेंदूतल्या तंतूंवरचं आवरण सुटण्याचा धोका असतो. आधी शुद्धीवर आलेला रुग्ण काही दिवसांनी गिळायचं, बोलायचं विसरतो. दोन दिवस जास्त भरती राहावं लागलं तरी चालेल.

पिट्युटरीचा पुढचा भाग या गोष्टीत कुठेच आला नाही असं वाटत असेल, तर तोच आता येतोय, आणि आईसाठी मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. पुढचा भाग अ‍ॅड्रिनल ग्रंथीकडून कॉर्टिसॉल आणि थायरॉईडकडून थायरॉक्सिन बनवून घेतो. एरवी कॉर्टिसॉल व्हॅसोप्रेसिनला आवर घालतं. ते कमी पडलं की व्हॅसोप्रेसिन मोकाट सुटतं, आणि रिपोर्ट अगदी एसआयएडीएचसारखे दिसतात. तेव्हा आईला शांतपणे विचारा. कुठल्या बाळंतपणात फार रक्त गेलं होतं का? अंगावर दूध आलं होतं का? त्यानंतर पाळी परत सुरू झाली का? रक्तस्रावाने बाळंतपणातच पिट्युटरी सुकलेल्या बायका आपल्याकडे तीस-तीस वर्षं थकव्यावर टॉनिक घेत राहतात आणि साठीनंतर एखाद्या तापाच्या निमित्ताने ११५-१२० सोडियम घेऊन येतात. घोणस चावून त्यातून वाचलेल्या माणसांतही काही वर्षांनी असंच होऊ शकतं. आमच्याकडे शेतावरचे रुग्ण येतात, म्हणून हा प्रश्न मी न चुकता विचारतो. यात एक मेख आहे. पिट्युटरीच बिघडली असेल तर टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) नॉर्मल दिसू शकतं, म्हणून सोबत फ्री टी-४ (रक्तातलं मोकळं थायरॉक्सिन) पाहायला हवं. आणि कॉर्टिसॉल कमी निघालं तर आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची जागा घेणारं स्टेरॉईड), नंतर थायरॉईडची गोळी. क्रम उलटला तर जिवावर बेतू शकतं.

भावालाही हे लागू आहे, पण उलट्या बाजूने. कॉर्टिसॉलची कमतरता डायबेटिस इन्सिपिडसला झाकून ठेवते, आणि स्टेरॉईड सुरू केल्यावर लघवी एकदम वाढते. तसं झालं तर स्टेरॉईड बंद करायचं नसतं, डेस्मोप्रेसिनचा डोस जुळवायचा असतो.

राहता राहिला उन्हाळा. घामात रक्तापेक्षा मीठ कमी असतं. त्यामुळे नुसता घाम गेला तर रक्त दाट होतं, तहान लागते आणि पाणी प्यायलं की भागतं. 'तहान लागायच्या आधीच पीत राहा' हा सल्ला उन्हात राबणाऱ्या मजुराला ठीक आहे, सोबत मीठ आणि जेवण असेल तर. घरात कूलरसमोर बसलेल्या माणसाला तो लागू नाही. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांचं सोडियम शर्यत संपताना कमी निघालं होतं, आणि त्याचा संबंध प्रामुख्याने वाटेत जास्त पिण्याशी होता. ते तर धावत होते.

आईच्या एक लिटरमध्ये चहा, ताक, पन्हं, पातळ वरण सगळं मोजा. सकाळीच बाटली भरून ठेवा, म्हणजे भांडण होणार नाही. ओआरएस तिला 'सोडियम वाढावं' म्हणून देऊ नका. त्यात लिटरला ७५ सोडियम असतं, तिच्या रक्तापेक्षाही ते पातळ आहे. जुलाब लागले तर गोष्ट वेगळी, तेव्हा ओआरएस हवंच आणि डॉक्टरांना फोनही हवा. तिला दुपारी बाहेर पाठवू नका. घाम कमी गेला तर एक लिटरमध्ये निभणं सोपं जातं. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन करा. दोन दिवसांत किलोभर वाढलं, किंवा मळमळ, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ दिसला, तर त्याच दिवशी सोडियम करा. वजन उतरतंय, जीभ कोरडी पडतेय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येतेय, तर एक लिटर तिला कमी पडतंय. तेव्हाही डॉक्टरांना विचारूनच वाढवा.

पुढच्या भेटीला जाताना आईच्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं, भरती असतानाचे सोडियमचे सगळे आकडे आणि त्यांच्या वेळा सोबत न्या. सकाळी ८ च्या सुमाराचं कॉर्टिसॉल आणि फ्री टी-४ झालंय का ते विचारा. झालं नसेल आणि भरती असताना तिला स्टेरॉईडचं इंजेक्शन मिळालं असेल तर तेही सांगा, कारण त्याने कॉर्टिसॉलचा आकडा फसवा येतो.